पाणी कुठलं येतं ते विचारून मगच श्रिम्प देणारं नौपाड्यातलं दुकान

पाचपैकी पाच स्टार देतोय आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण ठाण्यात फिश टँकची दुकानं भरपूर आहेत पण श्रिम्प, म्हणजे टँकमधली छोटी रंगीत कोळंबी, पाळायचे, त्यांची पिल्लं काढायची म्हटलं की नीट सांगणारं माणूस सापडत नाही, बहुतेक ठिकाणी पिशवीत भरून देतात आणि विषय संपला.

मी रेड चेरी, म्हणजे लाल रंगाचे श्रिम्प, घ्यायला गेलो होतो. दुकान ताई बघतात. त्यांनी पहिलंच विचारलं, "दादा राहता कुठे? पाणी पालिकेचं की टँकरचं?" मी म्हटलं घोडबंदर रोडला, दोन्ही येतं, खालच्या टाकीत मिक्स होऊन वर जातं. त्यावर त्यांनी श्रिम्प दिलेच नाहीत. म्हणाल्या आधी दोन बाटल्यांत पाणी आणा, एक थेट पालिकेचं, एक टाकीतलं मिक्स, मग बघू. गिऱ्हाईक पैसे काढून उभं आहे आणि दुकानदार नाही म्हणतोय, मला तिथेच हे दुकान आवडलं.

पाणी नेलं तेव्हा त्यांनी आधी टीडीएस मीटर लावला. आपल्याकडे आरओवाला येतो तेव्हा सगळ्यांनी तो बघितलेला असतो, पण ताईंनी जे सांगितलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, की टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच कळतं, काय विरघळलंय ते कळत नाही. बोअरच्या पाण्यात आकडा मोठा दिसेल पण त्यात नुसतं मीठही असू शकतं. श्रिम्पला लागतं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ते जीएच, म्हणजे पाण्याच्या कडकपणाच्या टेस्टमध्ये दिसतं. मग छोट्या ट्यूबमध्ये पाणी घेऊन एकेक थेंब टाकत हलवत गेल्या, नारंगीचा हिरवा रंग झाला की थांबायचं, जेवढे थेंब तेवढा जीएच. चेरीला साधारण ६ ते ८ असला की छान. पालिकेचं पाणी मऊ निघालं, टाकीतलं मिक्स पाणी भलतंच कडक. टँकर कुठून भरून आलाय त्यावर ते दर आठवड्याला बदलणार, आणि श्रिम्पला कडक किंवा मऊ एकवेळ चालतं पण असं वरखाली होणं चालत नाही. म्हणून त्यांनी मला आरओचं पाणी घेऊन त्यात श्रिम्पचं मिनरल पावडर टाकायला सांगितलं, मीटरवर २०० च्या आसपास ठेवा आणि दर वेळी तोच आकडा ठेवा. पावडर त्यांच्याकडूनच घेतली, आणि एवढ्या टँकला मोठा डबा लागत नाही म्हणून त्यांनी स्वतःहून छोटा दिला.

हे एवढं का, तर श्रिम्प कात टाकतात. अंगावरचं कवच काढून नवीन बनवतात, त्याला कॅल्शियम लागतं. पाणी एकदम बदललं की कात अर्धवट अटकते, मानेमागे पांढरी रिंग दिसते आणि बहुतेक श्रिम्प त्यातून वाचत नाही. टँकमध्ये रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, मेलेला नाही, आणि काढूही नका, तेच ते खातात.

माल कसा आहे विचाराल तर एक नंबर. सगळे रेड चेरी दुकानातच वाढवलेले, मागच्या रॅकवर रंगाप्रमाणे टँक वेगवेगळे आहेत. लाल आणि निळे एकत्र मागितले तर ताई समजावतात की हे सगळे निओकॅरिडिनाच, म्हणजे एकाच जातीचे, एकमेकांत पिल्लं होणार आणि काही पिढ्यांत रंग जाऊन मातकट, पारदर्शक श्रिम्प उरणार. माझ्यासमोर एका मुलाला अमानो जातीचे श्रिम्प हवे होते पिल्लं काढायला, त्याला सरळ सांगितलं की अमानो शेवाळ खायला मस्त पण त्याच्या अळ्यांना खारट पाणी लागतं, घरच्या गोड्या पाण्यात जगत नाहीत, पिल्लंच हवी तर चेरी घे. क्रिस्टल रेड जातीचे श्रिम्प तर उन्हाळ्यात ठेवतच नाहीत, त्याला पाणी २५ अंशांच्या खाली हवं आणि ठाण्याच्या मे महिन्यात चिलरशिवाय ते होत नाही. चेरीला टँकवर छोटा फॅन पुरतो, फक्त पाणी उडून कमी होतं त्यात नुसतं आरओचं पाणी भरायचं, मिनरलवालं नाही, कारण वाफ होते पाण्याची, मिनरल खालीच राहतात.

आता मुख्य गोष्ट. पिल्लं झाली! स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) आणि देशी बदामाची (इंडियन आल्मंड, टर्मिनॅलिया कटप्पा) वाळलेली पानं, एवढंच आहे टँकमध्ये, मासा एकही नाही. पानं ताईंनी फुकट दिली, म्हणाल्या पुढच्या वेळी स्वतः गोळा करा, फक्त रहदारीच्या रस्त्यावरची आणि औषध मारलेल्या झाडाची नको. आधी मादीच्या पाठीवर पिवळसर पट्टा दिसला, मग अंडी पोटाखाली आली, वीस-तीस असतात, आणि ती सतत पायांनी त्यांना वारा घालत बसते. तीन-चार आठवड्यांनी एक दिवस मॉसवर तांदळाच्या कणीएवढे श्रिम्प! अळी वगैरे स्टेज नाही, आईसारखेच दिसतात फक्त बारीक आणि पारदर्शक. घरात सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवले. वेगळं खाणं लागत नाही, पानावर आणि मॉसवर जो थर धरतो तो दिवसभर खातात.

एक सूचना तर प्रत्येक सोसायटीवाल्याने लिहून ठेवावी. पावसाळ्यात डेंग्यूसाठी धूर फवारणी होते, तेव्हा खिडक्या बंद करा, टँक झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो आणि डासांचं औषध श्रिम्पला अगदी थोडंही घातक असतं. लिक्विडवालं मच्छरचं मशीनही त्या खोलीत नको. माशांचं औषध टाकताना लेबलवर कॉपर आहे का बघा, असेल तर त्या टँकमध्ये नाहीच.

कमी काय आहे, तर दुकान लहान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसरा बाहेर. पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत गेलेलं बरं. एक श्रिम्प ४० रुपयांना पडला, स्वस्त नाही, पण एकही गेला नाही म्हणून मला जास्त वाटत नाही. मला एकच खरी अडचण वाटली, घरी नेल्यावर काय करायचं ते तोंडी सांगतात आणि नवीन माणसाच्या ते लक्षात राहत नाही, छापील कागद द्यायला हवा. तोवर मी लिहितो, पिशवी उघडून डायरेक्ट ओतू नका, एअर पंपच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात सोडा, तास दोन तास, मग जाळीने श्रिम्प उचलून टाका आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

पाणी टेस्ट करायचं असेल तर दुपारी जा, संध्याकाळी गर्दीत ताईंना वेळ देता येत नाही. सोमवारी बंद असतं.