जुने चित्रपट घरी बघायचे, तर डिस्क कुठली घ्यावी?

सांगली-मिरजेत नव्या डिस्क ठेवणारं दुकान आता शोधूनच काढावं लागतं. मिळतो तो बंद पडलेल्या सीडी लायब्रऱ्यांचा उरलेला माल, जुन्या सामानातले ढीग, नाहीतर ऑनलाइन मागवलेलं पार्सल. एकाच कृष्णधवल चित्रपटाची दोन-तीन डिस्कची व्हीसीडी, तीन चित्रपट एकात कोंबलेली 'थ्री-इन-वन' डीव्हीडी आणि एकाच चित्रपटाची स्वतंत्र डीव्हीडी अशा तिन्ही समोर येतात. क्वचित एखादी परदेशी ब्लू-रेही असते. 'डिजिटली रिमास्टर्ड' हे शब्द जवळजवळ सगळ्यांच्याच कव्हरवर असतात, त्यामुळे त्यांना अर्थ उरलेला नाही. डिस्क लावून मेनू बघावा. मेनू ज्याने मन लावून केलाय, त्याने चित्र आणि आवाजही बहुधा वाऱ्यावर सोडलेला नसतो.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. घरातली मोठी माणसं बघणार असतील आणि गाणी महत्त्वाची असतील, तर स्वतंत्र डीव्हीडी. मोठा टीव्ही आहे, इंग्रजी सबटायटल चालतात आणि प्लेअरवर खर्च करायची तयारी आहे, तर ब्लू-रे. थ्री-इन-वन फक्त तो चित्रपट दुसरीकडे मिळतच नसेल तेव्हा. व्हीसीडी त्याच्याही नंतर.

थ्री-इन-वनवर एवढा राग का, ते आकड्यांत बघा. व्हीसीडीवर चित्राला सेकंदाला 1150 किलोबिट आणि आवाजाला 224 किलोबिट मिळतात, म्हणजे एकूण जेमतेम 1.4 मेगाबिट. माहितीचा एकच थर असलेल्या डीव्हीडीची क्षमता 4.7 जीबी. तिच्यात अडीच तासांचे तीन चित्रपट बसवले की सेकंदाला वाट्याला येतात तेच 1.4 मेगाबिट! आणि ते पसरायचे 352 बाय 288 ऐवजी 720 बाय 576 ठिपक्यांवर, म्हणजे चौपट जागेत. मग धुकं, पाऊस, तलम साडी, गर्दी असं काही पडद्यावर आलं की चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात. दोन थरांची, 8.5 जीबीची डिस्क असेल तर हाच आकडा अडीच मेगाबिटवर जातो, ते बघवतं. त्या मानाने दोन तास चाळीस मिनिटांचा एकच चित्रपट एका थराच्या डिस्कवर असेल, तर त्याला 3.9 मेगाबिट मिळतात. कृष्णधवल चित्राला तेवढे पुष्कळ झाले.

थर ओळखायला डिस्क कॉम्प्युटरला लावा. भरलेली जागा 4.38 जीबीपेक्षा जास्त दिसली तर दोन थर. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये चित्रपट लावून कंट्रोल आणि जे दाबलं की चित्राचं माप दिसतं. 720 ऐवजी 352 बाय 576 दिसलं, तर कंपनीने जागा वाचवायला आडवी बारकाई निम्म्यावर आणली आहे. डिस्कची मागची बाजू जांभळट असेल तर ती कारखान्यात छापलेली नाही, कुणीतरी घरी बर्न केलेली आहे. ती घेऊच नका.

आता मेनू. आपल्याकडच्या डीव्हीडीवर 'सीन्स'शेजारी 'साँग्ज' हे वेगळं पान असतं, आणि खरी परीक्षा त्या पानाची. बटण दाबल्यावर गाणं पहिल्या सुरापासून लागलं पाहिजे आणि संपल्यावर पुन्हा गाण्यांच्या यादीवर आलं पाहिजे. निम्म्या डिस्क इथेच नापास होतात. डीव्हीडीवर चॅप्टरची खूण कुठल्याही फ्रेमवर मारता येत नाही. फ्रेमच्या गटाच्या सुरुवातीलाच मारावी लागते, आणि पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, असा गट जास्तीत जास्त 15 फ्रेमचा, म्हणजे 0.6 सेकंदाचा असतो. मन लावून काम करणारा माणूस गाण्याच्या जागी मुद्दाम नवा गट सुरू करून घेतो. आळशी माणूस दर पाच मिनिटांनी आपोआप खुणा पाडतो आणि गाण्याचं बटण त्यातल्या जवळच्या खुणेला जोडून मोकळा होतो. मग आधीचं भांडण दोन मिनिटं ऐकावं लागतं, नाहीतर सारंगीचा सुरुवातीचा तुकडा गिळलेला असतो. संगीत नाटकात वाढलेल्या गावाला 'वन्स मोअर' तर हवाच असतो. तो मेनूत नसला तरी रिमोटवरचं 'ए-बी' बटण गाण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दाबलं की तेवढाच भाग फिरत राहतो.

दुसरी खोड रंगांची. डीव्हीडी मेनूवर निवडलेलं बटण दाखवणारा थर फक्त चार रंगांचा असतो, आणि त्यातला एक बहुतेक वेळा पारदर्शकतेत जातो. पानावर दोनच बटणं असली, एक पिवळं आणि एक पांढरं, तर निवडलेलं कुठलं हे कळायला मार्ग नाही. शेजारी बाण, टिंब किंवा चौकट असलेला मेनू चांगला. देवनागरी मेनूंची अडचण आणखी वेगळी: बारीक टाइपातली शिरोरेषा एकाच ओळीच्या जाडीची असली की जुन्या टीव्हीवर ती सतत थरथरते, कारण एका वेळी एकाआड एकच ओळ रंगवली जाते. ठळक अक्षरातला मराठी मेनू दिसला, तर करणाऱ्याने तो टीव्हीवर लावून तपासला असं खुशाल समजा.

सुरुवातीच्या जाहिराती चालू असताना 'मेनू' दाबल्यावर पडद्यावर हाताच्या पंजाची खूण येते, तो प्लेअरचा बिघाड नव्हे. तेवढ्या भागापुरतं बटण बंद ठेवायची सोय डिस्कवरच केलेली असते. 'स्टॉप' दोनदा आणि मग 'प्ले' दाबलं की बऱ्याच प्लेअरवर थेट चित्रपट सुरू होतो.

व्हीसीडीच्या मेनूबद्दल फार बोलायला नको. स्थिर चित्र, त्यावर आकडे, रिमोटवरून आकडा दाबायचा. रिमोटवरचं 'पीबीसी' (प्लेबॅक कंट्रोल) चालू असेल तरच मेनू दिसतो; बंद केलं की डिस्क सरळ सुरू होते, आणि आजी-आजोबांना तेच सोपं पडतं. एका डिस्कवर 74 ते 80 मिनिटंच मावतात, म्हणून डिस्क बदलायची वेळ मध्यंतराशी जुळेलच असं नाही. बऱ्याच ब्लू-रे प्लेअरना व्हीसीडी चालतच नाही, हेही नवा प्लेअर घेण्याआधी ध्यानात ठेवा.

ब्लू-रेचा मेनू चित्रपट चालू असतानाच खालून वर येतो. सबटायटल बदलायला बाहेर पडावं लागत नाही. सबटायटलही धारदार. तोटा असा की काही डिस्कचे मेनू जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात. त्या सुरू व्हायला वेळ घेतात, आणि 'स्टॉप' दाबून प्लेअर बंद केला तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून. डिस्क करणाऱ्यानेच खूण ठेवण्याची सोय दिली असेल तरच राहिलेल्या जागेवरून पुढे जाता येतं. क्रायटेरियन या नावाजलेले चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या डिस्कवर अशी टाइमलाइन असते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या होत्या. त्यातून जे वाचलं ते इटलीतल्या बोलोन्यात दुरुस्त करून 4के स्कॅनवरून क्रायटेरियनने संच काढला. चित्र बघून थक्क व्हायला होतं, पण डिस्क कुठल्या देशांत चालावी याचे विभाग, म्हणजे रीजन, ठरलेले असतात: या कंपनीच्या अमेरिकी ब्लू-रे रीजन 'ए'च्या असतात आणि भारत रीजन 'सी'मध्ये मोडतो. इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत. मल्टी-रीजन प्लेअरचा खर्च हिशेबात धरा. मराठी बोलपटांसाठी मात्र ब्लू-रेची वाट बघत बसू नका. प्रभातच्या मूळ नायट्रेट निगेटिव्ह पुण्यात जानेवारी 2003 च्या आगीत गेल्या. हाती उरतं ते नंतरच्या प्रतींवरून घेतलेलं चित्र, आणि ते दाखवायला नीट केलेली डीव्हीडी पुरते.

कान तयार असलेल्यांसाठी एक तपासणी. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा, पाल डीव्हीडी 25 ची. सरळ उतरवला की तो चार टक्के वेगाने पळतो आणि काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. ज्यांच्या घरी मिरजेचा तंबोरा आहे, त्यांना हे खटकणारच. एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही-पद्धतीची, डिस्क थेट फिल्मवरून केली असेल तर सूर जागेवर राहतो. पालवरून बदलून केली असेल तर सूर चढलेला आणि वर माणसांच्या मागे भुतासारख्या दुहेरी कडा. लांबीवरून हे पकडता येतं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं तिथे चित्र थांबवा आणि लांबी वाचा. फुटांत असेल तर 90 ने भागा, मीटरमध्ये असेल तर 27.4 ने, मिनिटं मिळतात. 13,500 फूट म्हणजे 150 मिनिटं. डिस्क 144 मिनिटांची असेल तर ती पालच्या वेगाने पळतेय. 130 ची असेल तर कात्री लागली आहे, आणि ती बहुधा गाण्यांनाच. प्रमाणपत्र व्हिडिओ आवृत्तीसाठी नव्याने घेतलेलं असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

एलईडी टीव्हीवर चेहरे रुंद दिसले तर दोष डिस्कचा असेलच असं नाही. आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार 16:9 करा, मग टीव्हीचं चित्र 4:3 वर आणा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणजे बरोबर. तरीही डोकी कापलेली दिसत असतील, तर कंपनीनेच चौकट छाटून रुंद केली आहे. अशी प्रत परत करावी.

जुन्या ढिगातून घेताना व्हीसीडीची छापील बाजू आधी बघा. चित्र साठवणारा धातूचा थर तिथे पातळ लाखेच्याच खाली असतो, म्हणून त्या बाजूचा खोल ओरखडा दुरुस्त होत नाही. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो; खालच्या बाजूचे हलके ओरखडे बहुधा निभावतात. नदीकाठच्या भागातून, 2005 किंवा 2019 च्या पुरात भिजलेला माल आला असेल, तर डिस्कपेक्षा कागद घात करतो: कव्हर चिकटून छपाई उपटून येते. अशी डिस्क ओढू नका. साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून भिजू द्या, सुटली की मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. कडेला ढगाळ डाग आत शिरलेला दिसला, तर पैसे देऊ नका.