सेकंडहँड नोट ॲक्सेप्टर घेताय? स्टिकरवर विश्वास ठेवू नका, आमच्या बाबतीत काय झालं ते वाचा

पाचगणीला आमचा छोटा गेम झोन आहे. जुगाराची मशीन नाहीत हे आधीच सांगतो, क्लॉ मशीन (पंजाने खेळणं उचलायचं ते), एअर हॉकी, बास्केटबॉल, लहान मुलांच्या गाड्या असलं सगळं. सीझनला गर्दी झाली की मोबाईलची रेंज जाते आणि यूपीआय अडकतं, मग काउंटरवर टोकनसाठी ही रांग. म्हणून नोट टाकली की टोकन पडतात तसली दोन मशीन सेकंडहँड घ्यायचं ठरलं. मुंबईकडचा एक जुन्या गेमचा विक्रेता भेटला, त्याच्या गोडाऊनला जाऊन डेमो बघितला. त्याने जांभळ्या कोऱ्या शंभराच्या नोटा एकामागून एक टाकून दाखवल्या, सगळ्या घेतल्या, टोकन बरोबर पडले. नोट आत ओढून ओळखणारा जो भाग असतो, म्हणजे ॲक्सेप्टर, त्यावर स्टिकर होतं एनव्ही9 चं, म्हणजे इंग्लंडच्या इनोव्हेटिव्ह टेक्नॉलॉजी कंपनीचं मॉडेल, आणि भाव पण त्याच हिशोबाने लावला होता.

मशीन आली, लावली, आणि पहिल्याच वीकेंडला बोंब. जुनी निळसर शंभराची नोट तोंडातच जाईना. बघा, जुनी शंभराची नोट 157 बाय 73 मिलिमीटरची आहे आणि 2018 ला आलेली जांभळी 142 बाय 66 ची. आमच्या युनिटची नोटेची वाट होती डॉलरच्या मापाची, आणि डॉलरची रुंदी पण 66 च्या आसपासच असते. म्हणजे नवीन शंभर त्यात अगदी मापात बसते आणि जुनी शंभर, जी आजही चलनात आहे, ती शिरूच शकत नाही. त्याने डेमोला फक्त जांभळ्याच नोटा का काढल्या ते तेव्हा लक्षात आलं. नवीन दहा आणि वीसची नोट 63 मिलिमीटर रुंदीची, ती त्या वाटेत जरा तिरकी होऊन अडकायची, गिऱ्हाईक मशीनला थापा मारायचं, पोरं रडायची.

साताऱ्याहून टेक्निशियन बोलावला, त्याने युनिट बाहेर काढलं. स्टिकर साध्या कागदावर प्रिंट केलेलं, कोपरा नखाने उचलला तर खाली दुसऱ्याच कंपनीचं लेबल, नाव ब्लेडने खरवडलेलं. हल्ली जास्त चालतं ते एनव्ही9 यूएसबी, त्याला पोर्ट असतो, लॅपटॉपला जोडून कंपनीच्या व्हॅलिडेटर मॅनेजर सॉफ्टवेअरमध्ये सिरियल नंबर, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आणि आत कुठल्या देशाचा डेटासेट, म्हणजे नोटा ओळखायचे नमुने, भरलाय ते सगळं दिसतं. आमच्या युनिटला पोर्टच नव्हता. नुसत्या चार वायरी, पॉवरच्या दोन आणि पल्सच्या, म्हणजे विजेचे ठोके पाठवायच्या, दोन. गोडाऊनमध्ये जे दाखवलं तेच पाठवलं की तोंडाची प्लास्टिक पट्टी तशीच ठेवून आतलं युनिट बदललं, ते मला आजही सांगता येणार नाही, पण पैसे एनव्ही9 चे घेतले आणि दिलं भलतंच, एवढं नक्की.

फोन केला तर म्हणाला, "दादा, ॲक्सेप्टर सगळे सारखेच असतात, सेटिंग करून घ्या." हे साफ खोटं आहे आणि ह्याच वाक्यावर माणसं फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाहेरून चार मॉडेल शेजारी ठेवली तर तोंड सारखंच दिसेल, लाइट सारखेच लुकलुकतील. आत मात्र कुठलं नोटेची एकच रुंदी घेतं, कुठलं कमीजास्त रुंदीच्या नोटा घेतं. कोणाला मागे कॅशबॉक्स असतो, कोणाची नोट नुसती मागे डब्यात पडते. गेमच्या सर्किट बोर्डशी बोलायची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, पण वेगळी. पल्सवालं नुसते ठोके देतं, दहाला एक, शंभरला दहा असे, आणि बोर्ड ते मोजतो, तर एसएसपी किंवा सीसीटॉक ह्या भाषांवालं कुठली नोट आली ते सांगतं. व्हेंडिंग मशीनमध्ये एमडीबी ही भाषा असते. जेसीएम कंपनीचं यूबीए हे मॉडेल कॅसिनोच्या स्लॉट मशीनमध्ये बसतं, ते आयडी003 ही भाषा बोलतं, आपल्या साध्या गेम बोर्डला त्यातलं काही कळत नाही, म्हणून "गोव्याच्या कॅसिनोतला भारी माल आहे" असं कोणी म्हणालं तर तो माल चांगला असला तरी तुमच्या उपयोगाचा असेलच असं नाही. अमेरिकेतल्या जुन्या व्हेंडिंग मशीनमधले काही ॲक्सेप्टर तर थेट 110 व्होल्टवर चालतात, आपल्या 230 ला लावले की गेले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट डेटासेट. 2016 च्या नोटबंदीनंतर पाचशेची नोट बदलली, 2017 ला नवी पन्नास आणि दोनशे, 2018 ला दहा आणि शंभर, 2019 ला वीस. त्याच्या आधीच्या डेटासेटवर अडकलेलं युनिट असेल तर ओरिजिनल असूनही ह्या नोटा ओळखणार नाही, आणि अपडेट मिळणार का हे मॉडेलवर आणि त्याच्या वयावर ठरतं.

आमच्या युनिटमध्ये ह्याहून वाईट प्रकार निघाला. हे यंत्र नोटेवर वेगवेगळ्या रंगाचा आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकतं, लांबी मोजतं आणि आत साठवलेल्या नमुन्याशी ताडून बघतं, किती फरक चालवून घ्यायचा त्याची एक मर्यादा असते. डेमोत एकही नोट परत येऊ नये म्हणून ती मर्यादा इतकी सैल करून ठेवली होती की कॅशबॉक्समध्ये रंगीत प्रिंट काढलेल्या शंभराच्या नोटा सापडल्या. हातात घेतल्या की कागद लगेच कळतो, पण मशीनने गपचूप घेऊन टोकन दिले होते. बँकेच्या भरण्यात आधीच गेलेल्या दोन तिथल्या कॅशियरने पकडल्या, शिक्का मारून जप्त केल्या आणि पावती हातात दिली. बँक अशा नोटेचा एक रुपया परत देत नाही. एकाच भरण्यात चारपर्यंत असल्या तर बँक महिन्याच्या रिपोर्टमध्ये पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर सरळ एफआयआर. म्हणजे त्याने केलेल्या सेटिंगपायी आमच्या घरच्या माणसाला पोलीस स्टेशनला उभं राहायची वेळ आली असती. राग येतो तो ह्याचा, पैशाचं एक वेळ सोडून देऊ.

विक्रेत्याने नंतर फोन उचलणं बंद केलं. त्याच्या बिलावर लिहिलंय "टोकन मशीन विथ बिल ॲक्सेप्टर, ॲज इज" (म्हणजे आहे तसं), मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. ते मुद्दामच तसं लिहितात. तुम्ही घेणार असाल तर बिलावर कंपनी, पूर्ण मॉडेल, सिरियल नंबर, व्होल्टेज, प्रोटोकॉल आणि कुठल्या कुठल्या नोटा घेतं हे लिहून मागा, लिहायला का-कू करत असेल तर तिथून निघा. डेमोला तुमच्या खिशातल्या नोटा टाका, जुनी शंभर, जुनी नवी वीस, चुरगळलेली, उलटी, चारी बाजूंनी. आणि झेरॉक्स दुकानातून आणलेला नोटेच्या मापाचा कोरा कागद पण टाकून बघा, तो परत आलाच पाहिजे. स्टिकरचा कोपरा नखाने उचलून बघायला लाजू नका.

आम्ही व्हॉट्सॲपवरची बोलणी, त्याने पाठवलेला एनव्ही9 च्या स्टिकरचा फोटो आणि खालचं खरवडलेलं लेबल दोन्ही जपून ठेवलंय आणि 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. बऱ्याच जणांना वाटतं धंद्यासाठी घेतलं म्हणजे ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, त्यामुळे छोट्या दुकानदाराने आधीच हार मानू नये. ऑनलाइन ॲडव्हान्स देऊन माल आलाच नाही असा प्रकार असेल तर 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आमची दोन्ही युनिट सध्या काढून ठेवली आहेत आणि काउंटरवर माणूस बसवलाय. त्या विक्रेत्याच्या जाहिरातीत मात्र आजही तोच स्टिकरवाला फोटो आहे.