माझाच कार्बोरेटर मलाच ११,५०० रुपयांना विकला

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) थोडा ओढून ठेवला की बरी चालायची. एवढं ऐकल्यावर जाणत्या मिस्त्रीने आधी एकच शोधायचं असतं, इंजिन कुठून जादा हवा ओढतंय. या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) संपला, शाफ्ट घासलाय. जुन्या स्टॉकमधला कोरा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर मिळवून देतो."

गाडी तीन दिवस ठेवून घेतली. कार्बोरेटर ११,५००, जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांचा) किट १,८००, ट्यूनिंग २,५००. एकूण १५,८००. त्यातले ५,००० यूपीआयने, १०,८०० रोख, कारण "बिल केलं तर जीएसटी लागेल". बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. जुना पार्ट हातात मागून घ्या. मी मागितला, तर म्हणाला, "भंगारात गेला."

आणि तो क्षण! त्याने माझ्यासमोर मिक्श्चरचा स्क्रू (हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणारा) पूर्ण आत पिळला. इंजिन गचके देत बंद पडायला हवं होतं. आवाजात तसूभर फरक नाही. स्क्रूला दाद मिळत नाही म्हणजे हवेची गळती तरी आहे नाहीतर आयडल जेट (गाडी उभी असताना पेट्रोल सोडणारा) तरी तुंबलाय, हे बाबांनी मला शाळेत असताना शिकवलंय. मी विचारलंही. "नवीन आहे, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल." मी गप्प बसलो. पद्मिनी बनायची थांबून वीस वर्षं उलटली, पार्ट याच लोकांकडे मिळतात. विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

आठवड्याने गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या, वयस्क मिस्त्रीने कार्बोरेटरच्या बुडाशी, सांध्यावर क्लीनरचा फवारा मारला. आवाज लगेच बदलला, म्हणजे जादा हवा तिथूनच आत जात होती. (एग्झॉस्टचा पाइप गरम असताना हे करू नका, पेट घेईल.) पॅकिंग फाटलेलं होतं, तेच परत बसवलेलं. नवीन पॅकिंग ६० रुपये. मग त्याने फ्लोट चेंबरचं (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्याचं) झाकण उघडलं. आतल्या बाजूला बाबांनी दाभणाने कोरलेली सर्व्हिसची तारीख, १२-३-९४. बाहेरून घासूनपुसून चकचकीत केलेला आमचाच कार्बोरेटर! बाबांचं अक्षर बघून माझे हात थरथरायला लागले.

गाडी गॅरेजमध्ये टाकण्याआधी कार्बोरेटरवर कुठेतरी बारीक खूण करा, फोटो काढा.

चौकीत दोन तास बसवलं. "हा दिवाणी मामला आहे." दिवाणी? माझी वस्तू काढून, पुसून, मलाच विकली, ही फसवणूक नाही? दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, "बिल दाखवा." तिसऱ्या दिवशी, "पंधरा हजारांसाठी कशाला वेळ घालवता?" अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते, एवढं सांगायचं सौजन्यही तिथे कोणाकडे नव्हतं. ते मला एका वकील मित्राकडून कळलं.

दुसऱ्या मिस्त्रीने लेखी दिलंय, झाकणाचे फोटो आहेत. सोमवारी ते आणि ५,००० ची यूपीआय नोंद घेऊन आयोगात जातोय. रोख दिलेल्या १०,८०० चा कागद माझ्याकडे नाही.