सीइंग आयचं पिल्लू: खर्च थोडा, वेळ भरपूर

न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनची ‘द सीइंग आय’ ही १९२९ साली सुरू झालेली संस्था अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करते. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की स्वयंसेवी कुटुंबाकडे येतं आणि सव्वा वर्षाचं होईतो राहतं. डॉक्टरचं बिल संस्था भरते, खाण्याच्या खर्चालाही हातभार लावते. कुरतडलेल्या चपला मात्र तुमच्या खात्यात. दाराशी चपलांचा ढीग असेल, तर पिल्लू येण्याआधी झाकणाचं कपाट आणा.

पहिले दोन महिने सगळा जोर शी-शूवर. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर. एरवी दर तासा-दोन तासांनी. अंगणात मोकळं सोडायचं नाही, पट्टा हातातच हवा आणि शब्द ठरलेला: ‘पार्क टाइम’. पुढे मालकाला दिसणार नाही, तेव्हा कुत्र्याने सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी उरकणं भाग आहे. घरात चूक झालीच तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. साध्या फिनाइलने वास पुरता जात नाही आणि पिल्लू पुन्हा तिथेच बसतं.

कुत्र्यांच्या इतर क्लासमध्ये कुत्र्याला पायाशी चिकटून चालवतात. इथे उलट. पिल्लू डावीकडे, थोडं पुढे आणि पट्टा हलका ताणलेला. पुढे कुत्र्याच्या अंगावरच्या मूठवाल्या हार्नेसमधून मालकाच्या हाताला दिशा कळते ती याच ताणातून. ‘ओढतंय, मागे खेचा’ असं शेजारी हमखास सांगतात. ऐकू नका. मात्र दुसऱ्या कुत्र्यावर झेपावणं म्हणजे हा ताण नव्हे, तिथे थांबायचं.

मराठी घरांत घोळ होतो तो शब्दांचा. आजी ‘बस’ म्हणते, मुलं ‘सिट’, आणि गोंगाट थांबवायलाही ‘बस!’च. पिल्लू मग कशालाच दाद देत नाही. आज्ञा सगळ्यांनी संस्थेच्याच वापरायच्या. ‘स्टे’सुद्धा नाही, ‘रेस्ट’. ताटातला पोळीचा तुकडा अजिबात नको, नाहीतर उद्या हॉटेलात ते मालकाच्या टेबलाशी तोंड घालेल. कांदा, लसूण आणि प्रसादातल्या मनुका तर कुत्र्याला विषारीच.

दुकानात नेताना आधी विचारा, कारण एडीए हा अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी केंद्रीय कायदा शिकाऊ कुत्र्याला प्रवेशाचा हक्क देत नाही. सरकत्या जिन्यावर नेऊ नका, पंजा अडकतो.

दोघंही दिवसभर ऑफिसात असाल तर ही योजना तुमच्यासाठी नाही. भारतवारीची अडचण तेवढी मोठी नाही. पिल्लं वाढवणाऱ्यांच्या क्लबातली दुसरी कुटुंबं पिल्लू सांभाळतात.

कुत्रा संस्थेत परत गेल्यावर साधारण चार महिने प्रशिक्षण. शेवटी प्रशिक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून कुत्र्यासोबत मॉरिसटाउनमधून चालतो, आणि कुटुंबाला ते पाहायला बोलावतात. अंतर ठेवूनच, कारण ओळखीचा वास आला की कुत्र्याचं कामातलं लक्ष उडतं. जो कुत्रा निवडला जात नाही, तो ठेवून घ्यायचा का, हे आधी त्याला वाढवणाऱ्या घराला विचारलं जातं.