मेमरी कार्डवाला म्युझिक प्लेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वतःच्या फायली असतील तर घ्या, नसतील तर अजिबात घेऊ नका. गेल्या दिवाळीपासून हा छोटा चिनी प्लेअर रोज खिशात असतो, आणि कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यात ॲप टाकता येत नाहीत असे स्वस्तातले बरेच प्लेअर थोड्याफार फरकाने असेच असतात.

आवाजाबद्दल तक्रार नाही. पुण्याच्या अलूरकरांच्या दुकानातून पूर्वी घेतलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीड्या फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घटवता लहान केलेल्या फायलींत, उतरवल्या. एक सीडी साधारण तीनशे एमबीत बसते. विलंबित आणि द्रुत हे वेगवेगळे ट्रॅक, पण गायन सलग. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू करेपर्यंत हा पठ्ठ्या नेमका समेच्या तोंडावर क्षणभर गप्प व्हायचा. देवनागरीचे हाल मात्र बघवत नाहीत. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या नावात पाय मोडलेला ल, पाय मोडलेला र आणि वेलांटी भलत्याच अक्षराला. फर्मवेअरचं, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट येऊनही फरक नाही. शेवटी सगळी नावं रोमन लिपीत केली.

आता खरा मुद्दा, कुलपांचा. स्ट्रीमिंग ॲपवर ‘डाउनलोड’ केलेली गाणी यात वाजत नाहीत. ती फाइल कूटबद्ध असते आणि किल्ली ॲपकडे. कार्डावर कॉपी केली तरी प्लेअरला त्यात काही सापडत नाही. वर्गणी थांबली की फोनवरही तीच गत.

दुसरा गठ्ठा न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा. त्याने आयट्यून्स स्टोअरवर 99 सेंटला एक अशी घेतलेली 2005-06 मधली गाणी. ॲपलच्या ‘फेअरप्ले’ कुलपामुळे ती पाच संगणकांवर आणि हव्या तेवढ्या आयपॉडवर चालायची, दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर नाही. म्हणजे गाण्यांवर पैसे जितके जास्त घातले, तितकं पुढचा प्लेअर बदलणं महाग. 2004 मध्ये रिअलनेटवर्क्स या दुसऱ्या कंपनीने ‘हार्मनी’ हे सॉफ्टवेअर काढून आपल्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजवून दाखवली. काही महिन्यांतच ॲपलच्या नव्या फर्मवेअरने ती वाट बुजवली. मायक्रोसॉफ्टने तर कमालच केली. ‘प्लेज फॉर शुअर’ (नक्की वाजणार) हा शिक्का इतर कंपन्यांच्या प्लेअरवर मारायला लावला आणि नोव्हेंबर 2006 मध्ये स्वतःचा झून हा प्लेअर आणला, तो नेमकी या शिक्क्याची गाणी वाजवत नव्हता! झूनवरून मित्राला वायफायने गाणं पाठवता यायचं, पण ते त्याला तीन वेळा किंवा तीन दिवस, एवढंच ऐकता येई.

हे सगळं म्हणे चोरी रोखायला. फेब्रुवारी 2007 च्या जाहीर पत्रात खुद्द स्टीव्ह जॉब्झनेच हिशेब मांडला होता: एका आयपॉडमागे आयट्यून्सवरून घेतलेली गाणी सरासरी 22. बाकीची सीडीवरून किंवा इकडून तिकडून आलेली, कुलपाविना. त्याच वर्षी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने कुलूप काढलं, ॲमेझॉनने साधे एमपीथ्री विकायला सुरुवात केली, आणि 2009 च्या जानेवारीत ॲपलने आपलं सगळं दुकान कुलूपमुक्त करत असल्याचं जाहीर केलं. पत्रामागे युरोपातल्या ग्राहक संस्थांचा दबावही होता, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे फ्लिपकार्टने फेब्रुवारी 2012 मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि जून 2013 मध्ये बंद केलं. तिथे घेतलेले एमपीथ्री या प्लेअरवर आज ठणठणीत वाजतात. उलट मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये एमएसएन म्युझिक या आपल्या गाण्यांच्या दुकानाचे किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांची झोप उडाली. ओरड झाल्यावर मुदत 2011 अखेरपर्यंत वाढवून मिळाली.

बॅटरी ऑफिसच्या दिवसभराला पुरते. बटणं कडक आहेत, पण खिशात चुकून दाबली जात नाहीत. ॲप चालणारे अँड्रॉइड प्लेअरही मिळतात. बरेच महाग, आणि त्यातली डाउनलोडं पुन्हा कुलपातच. स्ट्रीमिंगच करायचं तर हातातला फोन काय वाईट आहे? हा घेतलात तर कार्ड मात्र नावाजलेल्या दुकानातूनच घ्या. बाजारात खोटी कार्डं फार आहेत, आणि अर्धी गाणी गेल्यावरच ते कळतं.