माझीच टर्नबकल, विकत घ्यायची तर 64,000

बोटीच्या कामात 1,41,700 रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, हसायचं ते हसून घ्या.

शिडाची बोट, 1974ची. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या आठ तारा बदलायच्या, एवढंच काम होतं. रिगर, म्हणजे काठी-तारा बसवणारा, म्हणवणारा एक जण आला. तारा सोडून त्यांच्या खालच्या ब्राँझच्या टर्नबकलकडेच (आटे फिरवून तार ताणायच्या फिटिंगकडे) बघत बसला. "सर, ह्यांना क्रॅक गेलेत. समुद्रात काठी खाली आली तर मला बोलू नका." पुढचा खेळ तुम्हाला ठाऊक आहेच. आधी भीती, मग "आज सांगितलंत तर कमी करतो".

कळायला हवं होतं ते इथे. त्यानं तडे शोधायचा लाल डाय फवारला, दोन मिनिटांत फडकं फिरवलं आणि आट्यांमधली लाल रेघ दाखवली. अहो, आट्यांच्या खाचेत रंग राहणारच! डाय मुरू द्यायचा, नीट पुसायचा, मग पांढरा डेव्हलपर मारायचा आणि त्यातून लाल वर येते का बघायचं. पांढऱ्या डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. डबा माझ्या पायाशी होता. मी बघत होतो! आणि तरी मान डोलावली. मुलांना घेऊन जातो हो त्या बोटीवर, काठी पडेल म्हटल्यावर कोण वाद घालेल?

तारांचे 92,000, नव्या टर्नबकलचे 38,500, मजुरी 11,200. जुनं सामान "भंगारात टाकतो" म्हणून त्यानंच उचललं. काढलेला एक खिळासुद्धा कुणाला नेऊ देऊ नका.

पहिल्याच हंगामात तारांवरून तपकिरी ओघळ उतरले. 316 ग्रेडच्या स्टेनलेसलाही थोडे डाग पडतात, पण हे ओघळ डेकपर्यंत. 316मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, 304मध्ये नसतो. त्याच्या चाचणीचा थेंब टाकला, रंग बदलला नाही. म्हणजे 304, हलकी ग्रेड. चुंबक लावून बघत बसू नका, त्यानं दोन्हींतला फरक खात्रीनं कळत नाही. जुनी तार पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी. त्यानं 6 मिमी घातली, छेदाचं क्षेत्रफळ जवळपास 11 टक्के कमी. चेनप्लेटचं, म्हणजे तार बोटीला जिथे जोडतात त्या पट्टीचं, भोक अर्ध्या इंचाचं, 12.7 मिमी, आणि पिन 12ची. बोटानं हलवली तर टकटक वाजते. तेव्हाही वाजली होती. "मेट्रिकमध्ये एवढं ढिलं चालतं," म्हणाला. चालत नाही. कॅलिपर खिशात ठेवा.

पोलिसांकडे गेलो. "बोट तरंगतेय ना?" तरंगतेय. "काठी उभी आहे ना?" आहे. "मग फसवणूक कसली?" म्हणजे काठी पडून कुणाचं डोकं फुटल्यावर यायचं! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला बाईंनी बिल वाचलं. त्यावर नुसतं "स्टेनलेस फिटिंग". ग्रेड नाही, मिलिमीटर नाही. बिलावर दोन्ही लिहून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका.

गेल्या महिन्यात ऑनलाइन एक जाहिरात दिसली: जुनी ब्राँझ टर्नबकल, 8 नग, उत्तम स्थिती, 64,000. फोटो मोठा करून बघितला. किती आट्या आवळल्यात त्याची खूण म्हणून मी प्रत्येकावर हिरव्या रंगाचा ठिपका दिला होता. आठही ठिपके जागच्या जागी.

फोटो घेऊन पुन्हा चौकीत गेलो. साहेबांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि विचारलं, "ह्यावर तुमचं नाव कुठंय?"