मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी: अंतर्गत प्रणालीवर वापरून पाहिल्यावर

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘क्लॅरिटी’ हे प्रामुख्याने वेबसाइट चालवणाऱ्यांचे साधन मानले जाते. आम्ही मात्र ते आमच्या कंपनीच्या अंतर्गत खरेदी-प्रणालीवर बसवले. ते मोफत आहे. पानात जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा घातला की वापरकर्त्याने कुठे क्लिक केले, कुठवर स्क्रोल केले, हे चित्रफितीसारखे पाहता येते.

यातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे ‘डेड क्लिक’ आणि ‘रेज क्लिक’ यांची आपोआप होणारी वर्गवारी. पहिल्यात क्लिक करूनही काहीच घडत नाही, तर दुसऱ्यात माणूस एकाच जागी चिडून भराभर क्लिक करतो. आमच्या मागणीपत्रावर ‘मंजुरी प्रलंबित’ ही अक्षरे निळी होती. ती लिंक आहे असे समजून लोक तिथे क्लिक करत राहत, हे आम्हाला वर्षभरात कोणीही सांगितले नव्हते.

मात्र वेबसाइटचे ठोकताळे इथे जसेच्या तसे लावू नयेत. दुकानाच्या पानावर ग्राहक बराच वेळ रेंगाळला तर मालकाला आनंद होतो. खरेदी विभागातील लिपिक एका पानावर दहा मिनिटे थांबला तर समजावे की तो अडकला आहे, कारण कंटाळून दुसरीकडे जाण्याची मुभा त्याला नाही. शिवाय क्लॅरिटीला केवळ आपलेच पान दिसते. पुरवठादाराचा कोड भरताना हालचाल हमखास थांबायची. त्याचे कारण आम्हाला लिपिकाशेजारी खुर्ची टाकून बसल्यावरच कळले. कोड एका जुन्या एक्सेल फाइलमध्ये होते आणि नावावरून शोधण्याची सोय आमच्या प्रणालीत नव्हती.

गोपनीयतेची व्यवस्था चांगली आहे: रकान्यांत भरलेला मजकूर झाकलेलाच राहतो आणि ‘स्ट्रिक्ट’ पर्याय निवडल्यास पानावरील सगळाच मजकूर झाकला जातो. तरीही नोंदी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातात, त्यामुळे माहिती-सुरक्षा विभागाची परवानगी आधी घ्यावी आणि कर्मचाऱ्यांनाही स्पष्ट कल्पना द्यावी. आपल्या कामाचा वेग मोजला जातोय अशी शंका एकदा आली की लोक नेहमीसारखे वागत नाहीत, आणि मग त्या नोंदींना काय अर्थ?

खूण करून न ठेवलेल्या चित्रफिती 30 दिवसच टिकतात, म्हणून मार्चअखेरची धावपळ अभ्यासायची असेल तर एप्रिल संपण्याची वाट पाहू नये.